गाडीला आवाज येत नाही

१ फेब्रुवारी, सकाळ

गाडीला आवाज येत नाही. हे मुद्दाम तारखेनिशी लिहून ठेवतोय, कारण काल जेवताना मेहुणा म्हणाला की येतो. म्हणाला, भावोजी, तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की वर कळतं, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय तुमच्या, घूं घूं करतंय. बायकोने मान डोलावली. भावाने सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं तरी ती मान डोलावेल. लेकही त्यांना सामील. म्हणे, बरंय की, बाबांची घूं ऐकू आली की मी उठून दार उघडते, बेलची गरजच नाही.

मी शांतपणे सांगितलं की तो टायरचा आवाज आहे. टायर रस्त्याला घासणार, घासला की आवाज येणार. मेहुणा हसला आणि पाण्याचा तांब्या मागितला.

ज्याने सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या देखभाल विभागात काढली, लिफ्ट, पंप, जनरेटर, कुठलं यंत्र कधी तपासायचं आणि कधी बदलायचं याची वेळापत्रकं ज्याच्या सहीशिवाय भिंतीवर लागत नाहीत, त्याला हा बेअरिंग शिकवणार! स्वतः पडद्यांचं दुकान चालवतो.

आजवर मला पान्याला हात लावावा लागला नाही हा भाग वेगळा. डोकं लावणारा वेगळा, हात लावणारा वेगळा.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ

लेकीचं नेमणूकपत्र आलं. एक मार्चला रुजू व्हायचं. गाव लांब, बसने पूर्ण दिवस मोडतो. मला आनंद झाला. फार आनंद झाला. इतका की जेवण गेलं नाही.

पत्राचं पहिलं पान दोनदा वाचलं. पुढची पानं म्हणजे नियम, अटी, नेहमीचं गुऱ्हाळ. ती नाही वाचली.

मग लेक म्हणाली, बाबा, तुमची गाडी मी नेऊ का तिकडे? साहजिक आहे. शिफ्टची नोकरी, उशिरा सुटल्यावर बस कुठून मिळणार? तिने सांगायच्या आधीच मी ओळखलं. शिवाय ती चालवायला शिकली तीच मुळी या गाडीवर. त्याआधी शाळेत जाताना टाकीवर बसायची आणि हॉर्न स्वतः वाजवायची.

शब्द दिला. सत्तावीसला निघायच्या आत गाडी टकाटक करून हातात देणार. स्वतः. गॅरेजचं तोंड बघणार नाही. मेहुण्यालाही फोन करून कळवलं, म्हणजे आता माघार नाही.

३ फेब्रुवारी

ऑफिसात बसून बेअरिंगचं वेळापत्रक केलं. एक्सेलमध्ये. तपासणी झाली असेल तर हिरवा रंग, तारीख जवळ आली तर पिवळा, उलटली तर लाल. सध्या सगळं हिरवं ठेवलंय. न तपासता लाल करणं अन्यायाचं होईल.

बरंच वाचन केलं. चाक काढलं, टायर बदलला की बेअरिंग बघायचं. एरवी वर्षातून एकदा. गाडी पाण्यात बुडाली तर लगेच. वेग वाढला की आवाज वाढतो का, धरून हलवलं की चाक डुगडुगतं का, बोटाने फिरवलं की खरखरतं का हे बघायचं. यातलं काहीही असलं तर दोन्ही बाजूंचं बदलायचं. पण नेमकं किती किलोमीटरला बदलायचं ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही. सगळे म्हणतात, तपासत राहा. हे मला फार आवडलं. तपासत राहा असं लोकांना सांगण्यातच माझं आयुष्य गेलंय.

आपलं बेअरिंग शेवटचं कधी बदललं? आठवत नाही. म्हणजे कधीच बदललेलं नाही. म्हणजे उत्तम असणार.

५ फेब्रुवारी, रविवार

तपासणी दिन.

आधी नेहमीप्रमाणे गाडी धुतली. गाडीची निगा म्हणजे काय ते माझ्याकडून शिकावं. दर रविवारी प्रेशरचा पाइप थेट चाकाच्या मध्यावर धरतो, कोपऱ्यातली माती राहता कामा नये. मग स्टँडवर लावली. पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं. खट् खट् झालं. तळमजल्यावरचे आजोबा खुर्ची टाकून पेपर वाचत होते, ते म्हणाले, हलतंय. मी म्हणालो, नॉर्मल आहे, लोखंडाला थोडी मोकळीक द्यावी लागते.

लेक खाली आली. तिने धरून हलवलं. तीही म्हणाली, बाबा, हलतंय. मी म्हणालो, सगळ्यांचंच थोडंफार हलतं. वरून गॅलरीतून बायको म्हणाली, दात हलत होता तेव्हाही हेच म्हणालात.

तो दात वेगळ्या कारणाने पडला होता.

निष्कर्ष: निरीक्षणाखाली ठेवणे. रंग पिवळा.

८ फेब्रुवारी

बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर एकट्याने टेस्ट घेतली. पन्नासला हँडल थरथरलं. साठला माझे उरलेले दातही. कारण लगेच सापडलं, पुढच्या टायरात हवा कमी. हवा भरली. आता भरपूर हवेनिशी थरथरतं.

हेल्मेटची काच खाली घेतली की घूं अजिबात येत नाही. हेल्मेटचे सगळे फायदे लोकांना माहीत नसतात.

१० फेब्रुवारी

निर्णय झाला. बेअरिंग बदलणार. गेलंय म्हणून नव्हे, प्रिव्हेन्टिव्ह. मशीन बंद पडायची वाट बघतो तो अडाणी, आधी बदलतो तो शहाणा. हे वाक्य आमच्या विभागाच्या दारावर आहे. मीच लिहिलेलं.

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, पुढचं का मागचं, सील पण देऊ का? मी म्हणालो, सगळं द्या. शेजारीच गॅरेज आहे. गॅरेजवाल्याने हात पुसत विचारलं, गाडी आणताय का साहेब, अर्ध्या तासाचं काम आहे. मी नुसता हसलो. अर्ध्या तासात उरकलेलं काम काय लायकीचं असणार! मी या कामाला दोन आठवडे काढून ठेवलेत.

१२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस झकास गेला. सविस्तर लिहितो.

सकाळपासून पुढच्या चाकाचा नट उघडत नव्हता. चाकातून आरपार जो दांडा जातो त्याच्या टोकाचा. पान्याला पाइप लावला, पाइपावर उभा राहिलो, आजोबांनाही उभं राहायला सांगितलं, ते नको म्हणाले. मग लेक आली. तिने विचारलं, बाबा, कुठल्या बाजूला फिरवताय? आणि दुसऱ्या बाजूला एक झटका दिला. नट सुटला. मी सैल करून ठेवला होता म्हणून.

मग दोघांनी मिळून चाक काढलं. तिने ते गुडघ्यांत धरलं, मी लांब स्क्रू-ड्रायव्हर लावून हातोडीने ठोकत बसलो. तिच्या नाकाला ग्रीस लागलं. मी सांगितलं नाही. शाळेतून अशीच काळी होऊन यायची, तेव्हा आई ओरडायची आणि मी लपवायचो. आज बराच वेळ असेच बसलो होतो आम्ही, मधेच हसत होतो.

जुनं बेअरिंग निघालं तेव्हा तिचा फोन आला म्हणून ती वर गेली होती. बोट घालून फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं. त्याच्यामागून एक नळी घरंगळत बाहेर आली. बोटाएवढी, गंजकी. दोन बेअरिंगांच्या मधे नुसतीच बसली होती, ना कशाला जोडलेली, ना कशात अडकवलेली. कंपनीवाले वजन भरायला काय काय घालतील नेम नाही. काही काम न करता मधे बसून राहणारे आमच्या खात्यातही आहेत. टाकून द्यायला जिवावर आलं, माझ्या टेबलावर ठेवली. पेन्सिल छान उभी राहते तिच्यात.

लेक परत आली आणि म्हणाली, चला, नवी आजच बसवून टाकू. मी म्हणालो, छे छे, बेअरिंग बसवण्याआधी फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं, थंडीने आकसतं. हे खरं आहे, मी वाचलंय. तिने विचारलं, किती वेळ? मी म्हणालो, पुढच्या रविवारपर्यंत. ती म्हणाली, बाबा, आठवडाभर? मी म्हणालो, पक्कं गार व्हायला हवं.

घाईचं काम आपल्याला जमत नाही. शिवाय पुढच्या रविवारीही दोघं मिळून बसता येईल.

१५ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात खणखणाट. बायकोने मटार समजून बेअरिंगची पिशवी गरम भांड्यात उपडी केली. वास मशिनच्या तेलाचा आला. बेअरिंगना काही झालं नाही, माझ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही.

ती म्हणाली, पोरगी निघालीये, तिच्याबरोबर द्यायला चार गोष्टी करून ठेवीन म्हणते, तर फ्रीझरमध्ये तुमचं लोखंड. मग विचारलं, गाडी होणार आहे का वेळेत? मी म्हणालो, सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललंय. ती बघत राहिली. बायकोचं बोलणं परवडतं, बघणं फार लांबतं.

१९ फेब्रुवारी, रविवार

लेक मैत्रिणींना भेटायला गेली. म्हणाली, दुपारी येते, तोवर थांबा. दुपार उलटली. फोन आला, अजून वेळ लागेल, सगळ्या जमल्यात. जमणारच. माझं काही म्हणणं नाही. आता या मैत्रिणी पुन्हा कधी भेटणार? बाप काय, घरीच असतो.

एकट्याने बसवलं.

लेकीच्या हेअर ड्रायरने चाकाचा मधला भाग तापवला. बेअरिंग ठेवलं, ठोकलं. बाहेरच्या रिंगेवर ठोकायचं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण हातोडी आपसूक मधल्या रिंगेवर बसत होती. शेवटी रिंग ती रिंगच. दोन्ही बाजूंनी छान आत गेली. आजोबांनी पेपर घडी करून कानांवर धरला होता.

चाक चढवलं, नट आवळला. चाक फिरेना. जोर लावला तरी फिरेना. नवा माल आहे, लाजतो सुरुवातीला. नट थोडा सैल केला, चाक फिरलं. आणखी सैल केला, आणखी छान फिरलं. मग तेवढाच ठेवला. नट करकचून आवळायचा हे कंपनीवाले भीतीपोटी सांगतात.

गल्लीतून एक चक्कर मारली. गाडीला आवाज येत नाही! घरी येऊन मेहुण्याला फोन लावला आणि पाठोपाठ दोनदा सांगितलं. वेळापत्रकात हिरवा रंग.

संध्याकाळी लेक आली. झालं सगळं, म्हटलं. ती म्हणाली, अरे, माझ्याशिवाय? तिचा चेहरा थोडा उतरला. की मला वाटलं तसं.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

किरकोळ.

लेक ट्रायल घ्यायला घेऊन गेली. पेट्रोल पंपापुढच्या वळणावर घसरली. रस्त्यावर खडी असणार. तळहात सोलला, गुडघ्याला लागलं. पुढचं चाक ओढून ओढून गाडी घरापर्यंत ढकलत आणली. एकटीने.

ती म्हणते खडी नव्हती. म्हणते, वळताना चाक डुलायला लागलं, ब्रेक लावला तसं अडकलं. मी म्हणालो, खडी बारीक असली की दिसत नाही.

बायकोने जखम धुतली. मी कापूस शोधत होतो. कापूस तिच्या हातातच होता. खडीबद्दल मी पुन्हा एकदा सांगितलं. बायकोने गुडघ्याला पट्टी बांधली.

मागून ट्रक येत होता का, हे मी विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी

बायकोने परस्पर गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. मला न विचारता. त्याने पिशवी खाली ठेवली, नट बोटांनी सोडवला. पाना लावलाच नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी आजोबांच्या पेपरकडे बघितलं.

चाक काढून त्याने आत बोट घातलं आणि विचारलं, मधली नळी कुठाय?

म्हटलं, कसली नळी? तो म्हणाला, साहेब, दोन बेअरिंगांच्या मधे नळी असते. तसं तिला काम काही नसतं, ती नुसती मधे असते. पण ती नसली आणि नट आवळला की दोन्ही बेअरिंगं एकमेकांवर दाबली जातात, मरतात. सैल ठेवला की चाक डुलतं. नशीब पोरीचं.

मी ठामपणे सांगितलं, आमच्या गाडीत नव्हतीच. मूळचीच नसेल. त्या क्षणी मला खरोखरच तसं वाटत होतं.

नवीन बेअरिंगंही खरखरायला लागली आहेत. त्याने विचारलं, गाडी प्रेशरने धुता का? मी अभिमानाने म्हणालो, दर रविवारी! तो म्हणाला, म्हणूनच आधीची गेली, पाणी शिरतं आत. या एका वाक्याने माझे कितीतरी रविवार वाया गेले.

बेअरिंग काय, दुकानात आहे. नळीचं अवघड. मॉडेल जुनं, मागवावी लागेल, आठ-दहा दिवस. सत्तावीसच्या आत शक्य नाही. लेक पायरीवर पाय लांब करून बसली होती. हळूच म्हणाली, बघा ना काका काही जमतं का. तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

२३ फेब्रुवारी, सकाळ

टेबलावरची पेन्सिल घ्यायला हात नेला.

आपल्याकडे एक म्हण आहे, कळशाची आणि काखेची. ती आठवली. लगेच विसरायचा प्रयत्न केला.

बरं झालं सापडली. ऑफिसातून येताना गॅरेजवर देतो. रात्रीपर्यंत गाडी तयार. लेक खूश. प्रश्न मिटला.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

मीटिंग लांबली. म्हणजे मीटिंग नव्हती, पण होऊ शकली असती म्हणून थांबलो. येताना गॅरेज उघडं होतं. गॅरेजवाल्याकडे गिऱ्हाईक होतं. कामात असलेल्या माणसाला त्रास देणं बरं नव्हे.

नळी खिशात होती. चालताना मांडीला लागत होती.

घरी येताच लेकीने विचारलं, नळीचं काही कळलं का? म्हटलं, मागवलीय.

२४ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला.

एक म्हणजे नळी गंजलेली आहे. लेकीच्या गाडीत गंजका माल घालणारा मी नव्हे. नवी येऊ दे, नवी ती नवीच. दुसरं म्हणजे तिच्या गुडघ्याची पट्टी. ती बघवत नाही. परक्या गावात, अंधारात, अनोळखी रस्त्यावर ही पोर एकटी, आणि गाडी मी दुरुस्त केलेली. तिसरं असं की गाडीच नाही म्हटल्यावर रात्रीची शिफ्ट जमणार नाही. मग कदाचित ती कंपनीला लिहील, एक महिना पुढे ढकला. महिना काय, पंधरा दिवसही पुष्कळ झाले. पंधरा दिवसांत दोन रविवार येतात.

नळी पेन्सिलीसकट ड्रॉवरमध्ये ठेवली.

हे मी तिच्या भल्यासाठी करतोय. इथे मी कुणाला फसवायला बसलेलो नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

तिने कंपनीला काही लिहिलं नाही.

दिवसभर सामान बांधणं चाललं होतं. बायको डबे भरत होती, लेक कपडे. मी दोरी धरून उभा होतो. दोरी लागलीच नाही, हल्ली बॅगांना चेन असते.

दुपारी बॅगेवर नाव-पत्ता लिहायला मार्कर हवा होता. मी म्हणालो, थांब, देतो. पण ती तोवर माझ्या टेबलाशी पोचली होती, ड्रॉवर उघडला होता. पेन्सिल उचलली, तशी नळीही वर आली.

तिने पेन्सिल काढून बाजूला ठेवली. नळीतून खिडकीकडे बघितलं, आरपार. विचारलं, हीच ना ती? मी म्हणालो, असेल. तिने विचारलं, कधी सापडली? आता म्हणणार होतो की आत्ताच, पण तोंडातून गुरुवारी असं आलं.

मला वाटलं, चिडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला खडीबद्दल तरी बोलता आलं असतं. ती नळी तळहातावर धरून उभी राहिली. त्याच तळहातावर, सोललेल्या. मग म्हणाली, बाबा, गाडी नसती तरी मी जाणारच होते.

म्हटलं, माहीत आहे मला.

माहीत नव्हतं.

२७ फेब्रुवारी

मेहुणा त्याची कार घेऊन आला. सगळे स्टँडवर गेलो. मागच्या सीटवर मी मधे, एका मांडीवर डबे, दुसरीवर उशी. मेहुण्याच्या कारलाही मागच्या उजव्या चाकातून आवाज येतो. चांगली घूं येते. मी काही बोललो नाही. हा माझा मोठेपणा.

बस वेळेवर सुटली. आमच्या शहरात वेळेवर सुटलेली मी पाहिलेली ही पहिली बस. खिडकीतून लेक म्हणाली, बाबा, नट नीट आवळून घ्या आता. आणि हसली. मीही हसलो. बस वळेपर्यंत हसत होतो, नंतर तोंड कसं बंद करायचं तेच कळेना.

घरी आल्यावर बायकोने तीन ताटं घेतली. मग एक परत ठेवलं.

२ मार्च

नळी गॅरेजवाल्याला नेऊन दिली. त्याने विचारलं, कुठे मिळाली? म्हटलं, घरात. त्याने पुढे विचारलं नाही. पॉलिश पेपरने घासून गंज काढला, नवीन बेअरिंगं, नवे सील, मधे नळी, नट करकचून. मी स्टुलावर बसून होतो. अर्धा तासही लागला नाही.

चाक बोटाने फिरवलं तर फिरतच राहिलं. त्याच्याकडे बघत इतका वेळ उभा राहिलो की गॅरेजवाल्याने विचारलं, काही राहिलं का साहेब?

वेळापत्रकात बदलल्याची तारीख टाकली. पुढच्या तपासणीच्या रकान्यात वर्षानंतरची तारीख टाकायची असते. एवढ्याशा गोष्टीला हात धजेना. ऑफिसातून घरी येणं-जाणं तेवढं, एवढ्याने काय झिजणार आहे!

५ मार्च, रविवार

गाडी धुतली नाही.

लेकीचा फोन आला. बायको बराच वेळ बोलली, मग मला दिला. मी लगेच सांगितलं, गाडी एकदम तयार आहे, ट्रान्सपोर्टने पाठवून देतो, चार दिवसांत मिळेल, रात्रीचे हाल नकोत. ती म्हणाली, बाबा, राहू दे आता. कंपनीची व्हॅन आहे, घ्यायला-सोडायला, अगदी दारापर्यंत. मी म्हणालो, अरे वा, कधी सुरू केली? ती म्हणाली, पहिल्यापासूनच होती, पत्रात होतं की. दुसऱ्या पानावर.

फोन ठेवल्यावर बायकोला म्हटलं, बघ, कशाला एवढा आटापिटा केला मग? व्हॅन होती तर गाडी मागितलीच कशाला तिने? सगळ्याचा रागच आला मला, इतके दिवस, इतकी ठोकाठोक.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, मी विचारलं होतं तिला. म्हणाली, घरातलं काहीतरी बरोबर असू दे, परकं वाटणार नाही. आणि घरातलं म्हणजे तिला ती गाडीच आठवली.

मग म्हणाली, तुम्हाला सांगायला नको म्हणाली होती. रडाल म्हणून.

मी कशाला रडतोय? बाहेर जाऊन आलो.

८ मार्च

करमत नाही. लिहून टाकलं, उगाच सारवासारव करत बसत नाही. घरात दोघंच, आणि दोघंही सारखे एकमेकांच्या अंगावर येतो. आज चहात साखर कमी की जास्त यावरून अबोला झाला. मधे कुणी नाही.

पेन्सिल टेबलावर आडवी असते. सारखी घरंगळून खाली पडते.

संध्याकाळी ऑफिसातून गाडीवरून आलो. गल्लीच्या तोंडाशी मुद्दाम हेल्मेटची काच वर केली, कान दिले. काही नाही. शेवटपर्यंत काही नाही. मेहुण्याला फोन करून सांगावं असं एकदा वाटलं.

जिना चढून वर आलो. दार बंद. सवयीने तसाच उभा राहिलो थोडा वेळ, हेल्मेट हातात घेऊन. मग बेल शोधली. दोनदा वाजवली तेव्हा बायकोने आतून विचारलं, कोण आहे?